मामाला समोर बसवून ऐकलेली गोष्ट

दिशाच्या कादंबरीतला रक्तपिपासू सरदार मखमली झगा घालून गंगापूर धरणाच्या काठावर उतरायचा, धुक्यातून चालत यायचा आणि लसणाचा वास आला की तोंड फिरवून पळून जायचा. दोनशे दहा पानं त्याचं हेच चाललं होतं. दिशाला तो फार आवडायचा. तिच्या संपादक तृप्तीताईंना मात्र तो अजिबात झेपला नाही.

तृप्तीताईंनी बाड परत केलं तेव्हा चहा पाजला, म्हणजे बातमी वाईट होती. त्यांचं म्हणणं असं की एप्रिल महिन्यात नाशकात मखमली झगा घालणारा माणूस दुसऱ्याचं रक्त पिण्याआधी स्वतःच घामाने विरघळेल. आणि लसणाला जो घाबरतो तो या जिल्ह्यात जगला तरी कसा? इथे मिसळीत लसूण, ठेच्यात लसूण, चटणीत तर लसणाशिवाय दुसरं काही नाही. पहिल्याच आठवड्यात तो उपाशी मेला असता.

"भाषा छान आहे तुझी. पण हा पाहुणा आहे गं. मला आपल्या घरचा पाहिजे," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस देते. आणलास तर दिवाळीत पुस्तक. नाही आणलास तर दिवाळीला दुसऱ्या कोणाचं तरी काढावं लागेल."

तीन वर्षं पहाटे उठून, कोथिंबीर-मेथीची गाडी मार्केटला गेल्यावर मिळेल तेवढ्या वेळात दिशाने ते पुस्तक लिहिलं होतं. ते असं हातातून जाऊ द्यायला ती तयार नव्हती. तिने वाचनालय गाठलं. आठवडाभर ती जुन्या पुस्तकांतली भुतं चाळत बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे भुतांची काही टंचाई नाही. पिंपळावर मुंजा आहे, पाण्यात गिऱ्हा आहे, खवीस आहे, उलट्या पायांची हडळ आहे. पण मागण्या बघाव्यात तर सगळा वरपक्षाचा थाट: कोणाला नारळ, कोणाला कोंबडं, कोणाला साडीचोळी. रीतसर रक्त पिणारं कोणी सापडेना. शेवटी एका फाटक्या पुस्तकात चार ओळी मिळाल्या. बाळंतपणात गेलेली बाई तहानलेली परत येते म्हणून मसणवट्यापासून घरापर्यंत राळे पेरत यायची पद्धत काही गावांत होती. राळे म्हणजे बाजरीपेक्षाही बारीक, पिवळं धान्य. तिने एकेक दाणा वेचल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही, असा नियम. वेचता वेचता कोंबडा आरवतो आणि तिला परत जावं लागतं.

दिशाने हे घरी येऊन आईला वाचून दाखवलं. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यातल्या पडवीत ललिताबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"ही तर कुसाबाईची गोष्ट," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझ्या माहेरी शेजारीच राहते ती म्हातारी. मला दर वेळी राळे उगवले की झोप लागायची. पुढचं दादाला ठाऊक."

आणि मग त्या एकदम गप्प झाल्या, कारण 'दादा' हा शब्द त्या घरात सात वर्षांत कोणी उच्चारला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. सात वर्षांपूर्वी दिशाच्या थोरल्या बहिणीचं, भाग्यश्रीचं लग्न झालं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामाने. आणि सावळीराम मामा आलाच नाही. बारा पस्तीसचा मुहूर्त. भटजी घड्याळ बघतायत, वरपक्ष कुजबुजतोय, शेवटी कोणातरी चुलत मामाने नवरीला आणून उभं केलं. अक्षता पडल्या आणि पाऊण तासाने मामा फेट्याचं टोक सावरत धापा टाकत मांडवात आला. ललिताबाई चारचौघांत म्हणाल्या, "आलास? ये, जेवून घे. बाकी सगळं उरकलं." मामा जेवला नाही. आल्या पावली परत गेला. त्या दिवसापासून बहिणीची राखी गेली नाही आणि भावाची भाऊबीज आली नाही. दोघंही एका आईची लेकरं, त्यामुळे हट्टात कोणी कमी नव्हतं.

दिशाला मात्र आता शेवट हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळवणच्या एसटीत बसली. आईने काही विचारलं नाही, फक्त डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या.

देवळ्याच्या पुढे फाट्यावर उतरून दिशा चालत गावात पोचली तेव्हा अकरा वाजले होते. कुसाबाई ओट्यावर खाटेवर बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होती. वय नव्वदीच्या आसपास, पण कितीही असलं तरी नजर शाबूत होती.

"तू कोन शे?" तिने त्या भागातल्या अहिराणीत विचारलं. ललिताची धाकटी असं कळल्यावर तिने दिशाचं तोंड हनुवटीला धरून इकडून तिकडून बघितलं आणि नाक आईचं आहे असा निकाल दिला. चहा झाला. मग दिशाने फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि राळ्यांची गोष्ट सांगा म्हणाली.

"नाय सांगायची," कुसाबाई म्हणाली. "दिवसा गोष्ट सांगितली का मामा वाट चुकतो."

दिशाला हसू आलं. लहानपणी सगळ्यांनाच सांगतात हे, कामाच्या वेळी पोरांनी गोष्टींचा हट्ट धरू नये म्हणून. पण म्हातारी हसत नव्हती. मग रात्री थांबते, दिशा म्हणाली. त्याचाही उपयोग नव्हता. कुसाबाई सात वाजता गोळी घ्यायची आणि सव्वासातला अशी झोपायची की मागे एकदा शेजारचं पत्र्याचं छप्पर उडालं तरी तिला सकाळी सांगावं लागलं. म्हणजे रात्री आजी नाही आणि दिवसा गोष्ट नाही. दिशाच्या डोळ्यांसमोर दिवाळीचं पुस्तक एकदम मावळलं. तिने विनवण्या केल्या. नातसुनेने मध्यस्थी केली. कुसाबाई ढिम्म हलली नाही. दुसऱ्याचा मामा हरवायचं पाप या वयात आपण घेणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं.

मग बराच वेळ गेल्यावर म्हातारीने स्वतःच वाट काढली.

"मामा डोळ्यासमोर बसला आसंल, तर कसा चुकंल? आन जा त्याला. समोर बसव. मंग सांगते."

मामाचं घर दोनशे पावलांवर होतं. मधे फक्त एक कांदाचाळ. दिशाने ती दोनशे पावलं चालायला चांगली वीस मिनिटं घेतली. काय म्हणायचं? सात वर्षांत फोन केला नाही आणि आता भुताच्या गोष्टीसाठी चला? ती चाळीच्या आडोशाला उभी राहून वाक्य जुळवत होती, तेवढ्यात चाळीतूनच सडके कांदे वेचून पाटी घेतलेला मामा बाहेर आला आणि समोर उभा राहिला. केस पांढरे झाले होते. बाकी तोच.

"दिशा ना तू?" तो म्हणाला. मग पाटी खाली ठेवून विचारलं, "ललिता बरी हाय ना?"

बरी आहे, असं दिशाने सांगितलं. तिने जुळवलेलं वाक्य विसरून सगळं खरं ते सांगून टाकलं: पुस्तक, पंधरा दिवस, कुसाबाईची अट. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. आजवर त्याला पुष्कळ ठिकाणी पुष्कळ कामांना बोलावलं असेल, पण न हरवण्याच्या कामाला पहिल्यांदाच. त्याने हात धुतले, कलाबाई मामीला आवाज दिला आणि निघाला. मामी मागून पोह्यांची परात घेऊन आली, कारण सात वर्षांनी आलेली भाची तिच्या घरी न खाता जाणार ही गोष्ट तिला कुठल्याही भुतापेक्षा भयंकर वाटली.

कुसाबाईने मामाला भिंतीला टेकवून बसवलं. त्याच्या चपला मागून घेतल्या आणि खाटेखाली आपल्या पायाशी ठेवल्या. खबरदारी म्हणून. मग विचारलं, "याच्या आधी कधी वाट चुकलावता का रे?"

कलाबाईने मामाला कोपर मारलं.

"एकदा," तो म्हणाला. "भाग्यश्रीच्या लग्नात."

दिशा पोह्याचा घास हातात घेऊन थांबली. सात वर्षांत सगळ्यांनी मामा उशिरा आला एवढंच म्हटलं होतं. उशीर का झाला, हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्या रस्त्याला एका ओळीत लग्नाची सात-आठ लॉन्स. सगळ्यांना सारख्याच कमानी, सारखेच झेंडूचे हार, बाहेर तसाच बँड. मामा वेळेच्या अर्धा तास आधीच पोचला होता, पण चुकीच्या कमानीतून आत शिरला. आत शिरताच कोणीतरी ओरडलं, नवरीचे मामा आले. चार जणांनी धरून त्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि नवरीच्या खोलीच्या दाराशी उभं केलं. आपला पाहुणचार चांगला चाललाय म्हणून तोही खूश होता. दार उघडलं आणि समोर भलतीच पोरगी.

"रडून रडून डोळे सुजलेले तिचे," मामा म्हणाला. "तिचा मामा आलाच नव्हता. वडील बी नाय. मला बघून तिला वाटलं, कोनीतरी आलं. मी काय म्हननार? तू माझी भाची नाय?"

म्हणून त्याने तिला हाताला धरून बोहल्यावर नेलं. मागे उभा राहिला. अक्षता टाकल्या आणि मग चौकशी करत, पळत पळत आपल्या मांडवात आला.

कलाबाई पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. हे तिने शंभरदा ऐकलं असणार. कुसाबाई मात्र एखादा हिशेब लागत नसल्यासारखी कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"त्या दिवशी कोनतरी दिवसा गोष्ट सांगितली आसंल," ती शेवटी म्हणाली.

दिशाच्या अंगावर सरसरून काटा आला. वाचनालयातल्या एकाही भुताने आणला नव्हता असा. नवरीच्या खोलीत पोरांनी धुडगूस घातला होता. साडीला हात लावतील म्हणून भाग्यश्री कावली होती. आणि अठरा वर्षांच्या दिशाने भर बारा वाजता सगळ्या पोरांना गोल बसवून मखमली झग्यातल्या, रक्त पिणाऱ्या सरदाराची गोष्ट सांगितली होती. तीच पुढे दोनशे दहा पानं झाली. पोरं चिडीचूप झाली म्हणून तिचं कौतुकही झालं होतं.

"मी," दिशा म्हणाली. "मीच सांगत होते. मांडवात."

मामा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तो भिंतीवरून घसरून आडवाच झाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"सात वर्सं," तो म्हणाला. "सात वर्सं सोताला येडा समजतोय मी. साधी कमान वाचता आली नाय म्हनून."

दिशाचा या असल्या गोष्टींवर विश्वास होता का? मुळीच नव्हता. पण मामाच्या डोक्यावरून काहीतरी उतरून आपल्या डोक्यावर आलंय, आणि ते तिथे अगदी हलकं वाटतंय, एवढं तिला कळलं. तिने मामाचे पाय धरले. त्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हिशेब मिटला असं कुसाबाईने जाहीर केलं आणि गोष्ट सुरू केली.

गोष्टीतली बाई बाळंतपणात गेली. लोक घाबरले, आता ही रात्री येणार, झोपलेल्यांच्या अंगठ्यातून रक्त पिणार. राळे पेरायचं काम गावातल्या गोटीरामवर आलं. पण गोटीराम पडला हाडाचा शेतकरी. चांगलं बियाणं पायवाटेवर फेकायला त्याचा हात धजेना. वाटेला लागून नांगरलेलं रान होतं. त्याने मुठी भरल्या आणि सवयीने, सरळ ओळीत, राळे पेरत घरी आला. दोन दिवसांनी पाऊस झाला. बाई आली तर दाणा एक नाही, नुसती हिरवी पाती. आता वेचणार काय? दाणे मिळाल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून ती बांधावर बसून पीक तयार व्हायची वाट बघू लागली. पण पाखरांनी एक कणीस खाल्लं तर मोजणी चुकेल. म्हणून ती पाखरं हाकू लागली. तणाने रोप मारलं तर? मग खुरपू लागली. डुकरं हाकलली. रक्त प्यायला तिला फुरसत कुठली? गावात असलं पीक कोणी पाहिलं नव्हतं.

"इथवर आलं का ललिता घोरायची," मामा मधेच म्हणाला.

कुसाबाईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि पुढे सांगितलं. कापणीला गाव कोयते घेऊन आलं. बाई पिकाच्या मधोमध उभी. लोक लांबच थांबले. पण गोटीरामची बायको त्या बाईचंच लेकरू सांभाळत होती. कामाला आली ती त्याला घेऊनच. बांधावरच्या बाभळीला तिने झोळी बांधली, लेकराला घातलं आणि भीत भीत त्या बाईला विचारलं, बये, तुला पाहिजे तरी काय?

"तवा ती बोलली," कुसाबाई म्हणाली. "रगत कोनाला पाहिजे? मला लेकराला बघायचं व्हतं. तुमी वाटंवर दानं टाकलं. इचारलं कोनीच नाय."

मग ती झोळीपाशी बसली. दिवसभर गाव कापणी करत होतं आणि दिवसभर झोळी आपोआप हलत होती. संध्याकाळी ती निघून गेली. पुन्हा आली नाही.

फोनचं रेकॉर्डिंग चालू होतं आणि त्यात नुसता कोंबड्यांचा आवाज भरला जात होता. तिला तिचं पुस्तक सापडलं होतं. मखमली झग्याच्या सरदाराला तिने तिथेच, त्या ओट्यावर, कायमचा निरोप देऊन टाकला.

परतीच्या एसटीतून तिने तृप्तीताईंना फोन केला. आधी त्यांचे मामा सध्या कुठे आहेत ते विचारलं. मला मामाच नाहीत, असं त्या गोंधळून म्हणाल्या, तेव्हा तिने बिनधास्त सगळी गोष्ट सांगितली. तृप्तीताई नाक ओढून म्हणाल्या की दोनशे दहा पानं रद्दीत घाल आणि हिला घे, दिवाळी पक्की.

घरी पोचली तेव्हा पाच वाजत होते, उन्हं अजून मळ्यावर होती. ललिताबाई पडवीत मेथीच्या ढिगामागे बसल्या होत्या, सकाळपासून उठल्याच नसाव्यात तशा. मिळाली का गोष्ट, एवढंच त्यांनी विचारलं. मिळाली म्हटल्यावर म्हणाल्या, सांग.

"अजून दिवस आहे, आई."

"सांग गं. मामा काय, तसाही चुकलेलाच आहे."

म्हणून दिशाने राळ्यांची गोष्ट सांगितली नाही. ती समोर बसली, एक जुडी हातात घेतली आणि दुसरीच गोष्ट सांगितली. सारख्या कमानींची, नारळाची, रडणाऱ्या परक्या नवरीची. आणि मग बारा वाजता पोरांना गोल बसवणाऱ्या एका शहाणीची. ललिताबाईंचा हात आधी मंद झाला, मग थांबला. मेथीची जुडी सुटून मांडीवर पसरली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग पदराला हात पुसून त्यांनी फोन मागितला. नंबर दिशाला शोधावा लागला नाही. आईला तो पाठ होता.

पलीकडे पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"दादा," ललिताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी कुठं गेला होतास रे?"

मामाने सांगायला सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून, घरातून निघाल्यापासून. दिशाने सांगितलेली सगळी हकिकत ललिताबाईंना ठाऊक होती. तरी त्या एकदाही मधे बोलल्या नाहीत. परक्या नवरीपाशी आल्यावर त्या रडल्या, फेट्यापाशी हसल्या, आणि शेवटी म्हणाल्या, बरं केलंस, पोरीला एकटी सोडली नाहीस.

मग त्यांना कुसाबाईची गोष्ट आठवली. राळे उगवल्यावर पुढे काय झालं, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, फोनवर नको, उन्हं आहेत अजून.

"आता कुठं आहेस तू?"

"वट्यावर. घरीच."

"मग तिथंच बस, हलू नकोस," ललिताबाई म्हणाल्या. "उद्या पहिल्या गाडीनं येते मी. समोर बसून ऐकीन."

त्या आत गेल्या आणि कपाटातून बऱ्याच वर्षांची घडी घातलेली साडी काढून उन्हात टाकायला घेऊन आल्या. त्या रात्री मेथी दिशाने एकटीने बांधली. सगळ्या जुड्या वेड्यावाकड्या झाल्या, तरी मार्केटात कोणी काही बोललं नाही.